कागदी विमानाची उभारणी : लेखांक अकरावा – ताणतारांचा बंदोबस्त

गेल्या आठवड्याच्या लेखांकात दोन्ही पंख आधारखांबांवर बसले आणि आपले विमान प्रथमच विमानासारखे दिसू लागले. परंतु ज्यांनी ते हातात उचलून पाहिले असेल त्यांच्या ध्यानात आले असेल की, टोकाशी नुसते बोट लावले तरी वरचा पंख एका अंगाला सरकतो, खांब किंचित तिरपे होतात, आणि बोट काढताच सारे पूर्ववत होते. यासाठी आपल्या हाताला अथवा कागदाला दोष देण्याचे कारण नाही. दोन आडवे पंख आणि दोन उभे खांब मिळून जो चौकोन होतो, तो कर्णावाचून कधीच स्थिर राहत नाही, आणि मूळ विमानही तारा चढण्यापूर्वी कारखान्यात याच डळमळीत अवस्थेत उभे असे. आजचा लेखांक त्या कर्णांचा, म्हणजे ताणतारांचा आहे. या लेखमालेतील सर्वांत चिकाटीचे, आणि माझ्या मते सर्वांत रसाळ काम ते हेच.

जे वाचक मध्येच आम्हांला येऊन मिळाले असतील त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. आपण बांधीत आहोत ते सॉपविथ कंपनीचे ‘डॉल्फिन’, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षातील ब्रिटिश लढाऊ विमान. आणि ते निवडण्याचे कारण मुंबईचे लेफ्टनंट एस. सी. वेलिणकर. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेल्या या तरुणाने वैमानिकाचा पेशा पत्करला, फ्रान्समधील रणभूमीवर २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये तो डॉल्फिन चालवीत असे, आणि जून १९१८ च्या अखेरीस शत्रूच्या हद्दीत पडून ३० जून रोजी जर्मनांच्या ताब्यात असतानाच त्याचा अंत झाला. त्याची समाधी फ्रान्समध्ये हंगार्द येथे आहे. हरदितसिंग मलिक आणि इंद्रलाल रॉय यांची नावे निदान इतिहासाच्या पुस्तकांतून आढळतात. त्यांच्याच बरोबरीने त्या युद्धात विमान चालविणाऱ्या या मुंबईकराचे नाव मराठी घरांतून कोणी उच्चारीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणूनच आपल्या प्रतिकृतीतील तार न तार, ती मूळ विमानात जेथून जेथे जात असे तेथूनच गेली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

आता तारेचे कार्य पाहू. तार केवळ ओढ सहन करते. तिला दाबू गेल्यास ती मुकाट्याने वाकते. खांबाचे याच्या नेमके उलट : तो दाब झेलतो. ही श्रमविभागणी मुळात पूल बांधणाऱ्यांची. अमेरिकेत प्रॅट पितापुत्रांनी १८४४ साली पुलाच्या अशा एका सांगाड्याचे पेटंट घेतले होते, की ज्यात उभे घटक दाब घेतात आणि तिरपे घटक ओढ घेतात. पुढे ऑक्टेव्ह शानूट या रेल्वेच्या पुलांवर हयात घालविलेल्या अभियंत्याने १८९६ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आपला द्विपंखी ग्लायडर उडविला, तेव्हा हाच सांगाडा त्याने लाकूड आणि पोलादी तार यांत उतरविला. राइट बंधूंनी तो तेथूनच उचलला, आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे जगातील बहुतेक विमाने म्हणजे हवेतून चालणारे पूलच होते. आमच्या हरमलच्या किनाऱ्यावर ज्याने उलांडीची होडी जवळून पाहिली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको : होडीचे लाकूड कितीही भक्कम असो, उलांडीचे आडवे वासे ज्या दोरीने जखडलेले असतात ती सैल पडली की लाकडाची सारी ताकद व्यर्थ.

द्विपंखी विमानात या तारांचे प्रमुख वर्ग तीन. विमान हवेत असता पंख वर उचलले जाऊ पाहतात, आणि त्यांना खाली खेचून धरण्यासाठी धडाच्या खालच्या अंगापासून बाहेर व वर, वरच्या पंखाकडे जाणाऱ्या ज्या तारा असतात, त्या उड्डाणतारा. विमान जमिनीवर उभे असता, विशेषतः उतरताना चाके आपटतात त्या क्षणी, पंखांचे वजन खाली ओढते. ते तोलण्यासाठी वर मध्यभागापासून बाहेर व खाली, खालच्या पंखाकडे येणाऱ्या त्या अवतरणतारा. आणि पुढचा खांब व मागचा खांब यांच्यामध्ये, बाजूने पाहिले असता फुलीसारख्या दिसणाऱ्या, त्या कोनतारा. पंख हवेला कोणत्या कोनात सामोरा जाईल आणि वरचा पंख खालच्याच्या पुढे असेल की मागे, याचा निर्णय त्यांच्याकडे असतो. वेगाने वळताना किंवा सूर मारून वर येताना पंखांवर विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, सबब ब्रिटिश विमानांत उड्डाणतारा बहुधा जोडीने लावण्याचा शिरस्ता होता, आणि अवतरणतारा मात्र एकेरी. हिवाळ्यात हरमल आणि केरी यांच्या दरम्यानच्या पठारावरून जे पॅराग्लायडर समुद्रावर झेपावतात, त्यांच्या माथ्यावरील कापडापासून निघणाऱ्या असंख्य दोऱ्या एकदा निरखून पाहाव्यात : तेथे उड्डाणतारा तेवढ्या आहेत आणि अवतरणतारा मुळीच नाहीत, कारण जमिनीवर टेकल्यावर त्या पंखाला आकार राखण्याची गरजच उरत नाही.

डॉल्फिनमध्ये या साऱ्याला एक विशेष वळण आहे. बहुतेक द्विपंखी विमानांत वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असतो. डॉल्फिनमध्ये वरचा पंख मागे सारलेला आहे. वैमानिक इतका उंच बसे की त्याचे मस्तक वरच्या पंखाच्या मध्यभागी असलेल्या पोलादी नळ्यांच्या उघड्या चौकटीतून बाहेर येई. पुढचे आणि वरचे सारे आकाश त्याला निर्वेध दिसे, परंतु विमान उलटले तर त्याच्या मानेचे काय होणार, ही धास्तीही त्याच चौकटीने त्याच्या पदरात टाकली होती. आपल्या कामापुरता याचा परिणाम असा की, बाजूने पाहता सर्व खांब वर जाताना मागे कलतात. दुसऱ्या कोणत्याही विमानाचे चित्र समोर ठेवून काम करणारा येथे हमखास फसतो. खांब उलट कलले आणि कोनताराही त्यानुसार ओढल्या गेल्या, तर विमानाचा सारा चेहराच पालटून जातो. पंख ‘द्विखंडी’ आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूस खांबांच्या दोन जोड्या. सर्वसाधारण द्विखंडी रचनेत प्रत्येक खंडात पुढची व मागची मिळून दोन उड्डाणतारा आणि दोन अवतरणतारा, शिवाय खांबांच्या प्रत्येक जोडीत दोन कोनतारा, असा हिशेब केला की एका बाजूस बारा आणि दोन्ही बाजूंस मिळून चोवीस तारा होतात. जोडतारा, मधल्या चौकटीचे कर्ण आणि शेपटीचे ताण यांत धरलेले नाहीत.

स्क्वॉड्रनमध्ये या तारांचा संपूर्ण ताबा रिगर नावाच्या कारागिराकडे असे. इंजिनाचा कारागीर निराळा, सांगाड्याचा निराळा. तारेच्या टोकाशी असलेले पेच कमीजास्त पिळून पंखाचा कोन आणि टोकांचा वरचा कल तो ठरवी. एका बाजूची ओढ अंमळ जास्त झाली तर विमान सरळ उडेना, त्या अंगाला झुकू लागे, आणि वैमानिकाला सारा वेळ दांड्याशी झुंजत बसावे लागे. वेलिणकरांसारख्या वैमानिकाचे प्राण ज्या हातांवर अवलंबून असत त्यांत या अनाम कारागिराचे हात आधी येतात.

दोऱ्याची निवड हा प्रश्न मी मुद्दाम सावकाश घेतो, कारण आमच्या किनाऱ्यावर तो परदेशी पुस्तकांत दिला आहे तसा सुटत नाही. आपले प्रमाण एकास तेहतीस. मूळ पंखविस्तार ३२ फूट ६ इंच, म्हणून आपला जेमतेम ३० सेंटिमीटर. मूळ तार गोल नव्हती. हवेला अडथळा कमी व्हावा म्हणून ती चपटी, दोन्ही कडांना निमुळती होत गेलेली असे, आणि तिची रुंदी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास धरली तर आपल्याला सुमारे ०.१५ मिलिमीटरचा दोरा हवा. हरमलच्या कोणत्याही मासेमाऱ्याकडे या जाडीची तंगूस सहज मिळते, आणि प्रथमदर्शनी तिच्याइतके योग्य द्रव्य दुसरे नाही : गुळगुळीत, एकसंध, चिवट. परंतु नायलॉन हवेतील ओल पितो आणि ओल प्यायल्यावर लांबतो. डिसेंबराच्या कोरड्या दिवसांत ताठ ओढलेली तंगूस जूनच्या पहिल्या सरींबरोबर ढिली पडून लोंबू लागते; उलट पावसाळ्यात ताठ ओढलेली तंगूस हिवाळ्यात आखडते आणि पंखाचे टोक आपल्याकडे खेचून घेते, व कागदाला एकदा पडलेला तो बाक पुढे कशानेही जात नाही. यांपैकी दुसरा धोका अधिक मोठा. पॉलिएस्टर फारच थोडी ओल घेतो. म्हणून माझा कौल साध्या पॉलिएस्टरच्या शिवणदोऱ्याला आहे. त्याचा पीळ उलगडून एकच पदर सोडवून घ्यावा, मेणाच्या गोळीवरून दोन-तीनदा ओढावा म्हणजे त्याचे उभे राहिलेले तंतू बसतात, आणि रंग काळा न घेता राखी घ्यावा. काळा दोरा या प्रमाणात दुप्पट जाड भासतो, आणि मूळ तारही पोलादी राखाडीच होती.

कागदाचेही तसेच. कागदाचा तंतू ओलीने लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. पंखाच्या लांबीला समांतर तंतू ठेवून कागद कापा, असे चौथ्या लेखांकात निक्षून सांगितले होते ते यासाठीच. तरीही तारा ओढण्यापूर्वी खांबांच्या मुळांशी आणि छिद्रांभोवती, सुतार लाकडाला देतात ते चपड्याचे स्पिरिट-पॉलिश ब्रशाच्या टोकाने एकदा द्यावे. छिद्र कडक होते, आणि दोरा कागद कापीत आत शिरत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. छिद्रे आपण पंखाचे वरचे आवरण चिकटविण्यापूर्वीच बारीक सुईने पाडली आहेत. त्यांत गोंद शिरून ती बुजली असतील तर पुन्हा त्याच सुईने, परंतु खालून वर, मोकळी करावीत. विमान उलटे करून जाड पुठ्ठ्याच्या साच्यात, पंखांना चार ठिकाणी टेकू देऊन ठेवावे. प्रारंभ मधल्या चौकटीच्या कर्णांपासून, कारण पुढील सर्व मापे तेथूनच निघतात, नंतर कोनतारा, कारण त्यांनी खांबांचा मागचा कल एकदा पक्का केला की तो हलत नाही, त्यानंतर अवतरणतारा, आणि उड्डाणतारा सर्वांत शेवटी. डावीकडची एक तार ओढली की उजवीकडची तिची जोडीदार लगेच ओढावी. एक बाजू संपूर्ण करून मग दुसरीकडे वळण्याचा मोह फार होतो, आणि त्याचे फळ म्हणजे गोफणीसारखा पिळलेला पंख.

एक तार जवळून पाहू. डावीकडील आतल्या खंडातील पुढची अवतरणतार घ्या. दोऱ्याच्या एका टोकाला बारीक गाठ मारून तो वरच्या चौकटीच्या छिद्रातून ओवावा, गाठ आत बसली की तेथे गोंदाचा एक कण सुईच्या टोकाने ठेवावा, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही टोकाला हात लावू नये. मग दोरा बाहेर व खाली, आतल्या पुढच्या खांबाच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून खालच्या पंखाच्या खाली काढावा, आणि त्याच्या टोकाला कपडे वाळत घालण्याचा हलका लाकडी चिमटा लोंबता ठेवावा. ओढ देण्याचे काम चिमट्याच्या वजनाकडे सोपवावे. बोटांच्या ओढीचा भरवसा नसतो, चिमट्याची ओढ प्रत्येक तारेला सारखीच मिळते. विमान उलटे असल्याने येथे दोरा वर येतो, सबब तो साच्याच्या कडेवरून वळवून खाली सोडावा. आता पुढून, डोळा पंखाच्या पातळीत आणून पाहावे : तार सरळ असावी आणि पंखाची कड मात्र पूर्वीइतकीच सरळ राहिलेली असावी. कड जराही वाकली तर चिमटा जड आहे. छिद्रात गोंद भरून, वाळल्यावर दोरा पृष्ठभागालगत ब्लेडने कापावा आणि त्या जागी पंखाच्या रंगाचा ठिपका द्यावा.

जोडीच्या उड्डाणतारांत दोन दोऱ्यांमधील अंतर आपल्या प्रमाणात एक मिलिमीटरहून जास्त भरत नाही, आणि ते टोकापासून टोकापर्यंत समान राहिले तरच डोळ्याला समाधान होते. यासाठी दोन्ही दोरे एकाच वेळी ओवून, मध्ये पुठ्ठ्याचा अगदी पातळ तुकडा सरकवून, दोन्हींना एकच चिमटा लावावा. पुष्कळ हौशी मंडळी जोडीऐवजी एकच जाड दोरा ओढून वेळ मारून नेतात. प्रतिकृती कपाटात ठेवायची शोभेची वस्तू असेल तर ते क्षम्य म्हणता येईल. परंतु जी तार दुहेरी होती ती दुहेरी का होती, हे ज्याला एकदा उमगले त्याला ती एकेरी ओढणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करण्यासारखे वाटले पाहिजे. मूळ डॉल्फिन आता जवळजवळ उरलेली नाहीत. इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाने मूळ अवशेषांच्या आधारे एक उभे केले आहे. आपल्या मराठी मुलांपैकी बहुतेकांना ते पाहण्याचा योग येणार नाही. त्यांच्या हाती जे पडणार ते हे कागदी, आणि त्यात उड्डाणतार कोठून कोठे जाते यावरून त्यांनी हवेचा भार कसा तोलला जातो हे ओळखावे, अशी माझी अपेक्षा आहे.

नियंत्रणदोर तूर्त ओढू नयेत. सुकाणूचे, उंचीपट्ट्यांचे आणि पंखटोकांच्या हलत्या फळ्यांचे हे दोर चपट्या तारांचे नसून पिळाच्या गोल दोरांचे असत, त्यांना ताणतारांइतकी ओढही नसे, आणि शेपटी बसल्यावाचून त्यांची लांबी ठरत नाही. पुढील लेखांकात शेपटी, तिचे ताण आणि हे दोर यांचा एकत्रच विचार करू. तोवर वाचकांनी सोबतच्या नकाशातील सातव्या पानावरील उभे व आडवे पुच्छपट्ट कापून, घड्या घालून, परंतु न चिकटविता, जड पुस्तकाखाली ठेवावेत.