रुसलेले वायफाय आणि जुना लॅपटॉप

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा काखेत एक जुना लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिला. फराळाच्या ताटाकडेही त्याने पाहिले नाही. "मामा, याला वायफाय दिसतच नाहीये. दुकानदार म्हणतो, कार्ड जळालंय. आता नवाच लॅपटॉप घ्या."

लॅपटॉप साधारण २००९ सालचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ या वयस्कर यंत्रावर बसण्यासारखे नव्हते. म्हणून या मुलाने मित्राच्या मदतीने त्यावर लिनक्स चढवले, डेबियन नावाचे. लॅपटॉप तर छान पळू लागला, पण वायफाय गेले. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, फी नुकतीच भरलेली. नव्या लॅपटॉपचे नाव घरात काढायची सोय नव्हती.

आता 'नेट नाही' हे वाक्य 'नळाला पाणी नाही' या वाक्यासारखे आहे. पाणी नाही म्हणून आपण लगेच नळ बदलत नाही. शेजारी आले आहे का विचारतो, गच्चीवरच्या टाकीत डोकावतो, मधला कॉक कोणी बंद केलाय का ते बघतो. वायफायचेही तसेच. मोबाइल त्याच वायफायवर नीट चालतो ना, हा पहिला प्रश्न. आमच्याकडे चालत होता. म्हणजे राउटर आणि बाहेरून येणारी लाइन सुटली, दोष लॅपटॉपकडे.

मग आम्ही टर्मिनल उघडले. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आज्ञा टाइप करायच्या असतात. तिला उगाच घाबरतात लोक. पुढच्या तीन-चार आज्ञा फक्त माहिती विचारतात, बिघडवत काहीच नाहीत. पहिली आज्ञा 'आरएफकिल', जागा सोडून 'लिस्ट'. रेडिओ बंद करून ठेवलाय का, हे ती सांगते आणि उत्तर दोन ओळींत देते. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर रेडिओ सॉफ्टवेअरने बंद केलाय, 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हटले की सुटतो. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर मात्र कितीही आज्ञा द्या, उपयोग नाही. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपना कडेला किंवा पुढच्या बाजूला एक बारीक सरकणारे बटण असे. पिशवीत घालताना ते सरकते आणि माणूस आठवडाभर सॉफ्टवेअरशी झगडत बसतो. आमच्याकडे दोन्ही ओळींत 'नो' होते.

मग कार्ड खरेच जळाले होते का? त्यासाठी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा. यंत्राच्या आत जोडलेल्या भागांची ती यादी देते. यादीत स्वच्छ लिहिलेले होते : ब्रॉडकॉम, बीसीएम ४३१२. पूर्ण जळालेले कार्ड सहसा या यादीत हजेरी लावत नाही. भाच्याचा चेहरा तिथेच निम्मा उजळला. दुकानदाराने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याने विंडोजच्या सवयीने पाहिले, चिन्ह दिसले नाही, निदान करून टाकले. पण त्या निदानाची किंमत एका लॅपटॉपएवढी होती, हेही खरे.

कार्ड आहे, रेडिओ बंद नाही, तरी वायफाय नाही. मग अडले कुठे? इथे 'डीमेसेज' ही आज्ञा कामाला येते. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सुरू झाल्यापासून काय काय घडले याची रोजनिशी लिहीत असतो. ती रोजनिशी ही आज्ञा दाखवते. काही यंत्रांवर तिच्याआधी 'सुडो' लिहून पासवर्ड द्यावा लागतो. रोजनिशीत ओळ सापडली : बी-४३ ला फर्मवेअरची फाइल मिळाली नाही.

हे फर्मवेअर काय प्रकरण आहे, ते जरा सावकाश सांगतो, कारण लिनक्सवरच्या वायफायच्या कितीतरी तक्रारी इथेच येऊन थांबतात. वायफाय कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. त्यालाही चालायला आज्ञावली लागते, तीच फर्मवेअर. बहुतेक कार्डांत ती कायमची कोरलेली नसते. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हरने ती दरवेळी कार्डात भरायची. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपच्या बाजूचा दुभाषा. तो लिनक्सवाल्यांनी लिहिलेला असू शकतो, पण फर्मवेअर असते कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे.

ब्रॉडकॉमने त्या काळात लिनक्ससाठी ना खुला ड्रायव्हर दिला, ना कार्डाची माहिती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर कसा वागतो ते उलगडून काढले. एका गटाने पाहून नुसते वर्णन लिहिले आणि मूळ ड्रायव्हरला हात न लावलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. त्यातून आलेला ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती, हे आपले बी-४३, २००८ च्या जानेवारीत. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच खुला ड्रायव्हर दिला, पण तो तेव्हाच्या नव्या चिपसाठी. आमची ४३१२ त्यात नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, फर्मवेअर डेबियननेच सोबत का दिले नाही? डेबियनचा जुना बाणा असा की मुक्त नसलेले काही मूळ संचात घ्यायचे नाही. त्यापायी नवशिक्यांचे इतके हाल झाले की २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून नियम सैल केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून बरेचसे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळू लागले. पण या जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचे फर्मवेअर वाटायची परवानगीच कंपनीने दिलेली नाही. म्हणून एक पॅकेज असते, ते कंपनीचा जुना ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवते आणि त्याच्या पोटातून फर्मवेअर कापून घेते.

म्हणजे वायफाय सुरू करण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय!

या कोड्याची किल्ली आपल्या खिशात असते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करायचे. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे लॅपटॉपला मिळते, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी. आमची पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली, त्यात पंधरा मिनिटे गेली. मग सॉफ्टवेअरच्या स्रोतांत 'काँट्रिब' हा विभाग सुरू केला, बी-४३ चे इन्स्टॉलर पॅकेज चढवले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. कोपऱ्यात वायफायचे चिन्ह आले.

"मामा, शेजाऱ्यांचं दिसतंय, आपलं नाही!"

यालाही कारण होते. आमच्या राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मी मागे कधीतरी बंद करून ठेवला होता, फक्त ५ गिगाहर्ट्झचा चालू होता. हे कार्ड २.४ वरच ऐकते, दुसरा पट्टा त्याला ऐकूच येत नाही. आपल्या मोबाइलमधल्या फाइव्ह-जीशी याचा संबंध नाही, नावापुरते साम्य आहे. राउटरमध्ये २.४ चा पट्टा पुन्हा सुरू केला, पासवर्ड दिला, जोडणी झाली.

तुमच्याकडे जोडणी होऊनही पाने उघडत नसतील तर शोध पुढे न्यायचा. 'आयपी ए' ही आज्ञा लॅपटॉपला मिळालेला पत्ता दाखवते. वायफायच्या ओळीत तसा पत्ताच नसेल, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करून पाहा. पत्ता ठीक असेल तर 'पिंग ८.८.८.८' करा. तिकडून उत्तर येते, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे झाले तर बिघाड नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेत, म्हणजे डीएनएसमध्ये. आणि चालता चालता दर काही मिनिटांनी वायफाय तुटत असेल, तर कार्ड वीज वाचवायला डुलकी घेतेय का ते पाहा. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'वायफाय पॉवरसेव्ह' पुढे ३ असेल तर तिथे २ लिहिले की डुलकी बंद होते.

एक मात्र करू नका. कुठेतरी वाचलेल्या दहा आज्ञा एकामागून एक मारत सुटू नका. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी कंपनीचा 'डब्ल्यूएल' नावाचा बंदिस्त ड्रायव्हरही आहे. तो चढवला की बी-४३ ला रोखणारी नोंद सोबत येते. मग माणूस बी-४३ चे फर्मवेअर पुन:पुन्हा चढवत बसतो आणि ते कधीच जागे होत नाही.

भाच्याने जाण्याआधी ते फर्मवेअर एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. त्याच्या वर्गातल्या आणखी एकाकडे याच मॉडेलचा लॅपटॉप कपाटात पडून आहे म्हणे. मग मात्र तो चकलीकडे वळला.