एका आमदाराची १७५ मते

राष्ट्रपतिपदाची निवडणूक येते तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीत मतदान केंद्र उघडत नाही, बोटाला शाई लागत नाही. तरीही त्या निवडणुकीत सातपाटीचे मत असते. आमदार आणि खासदार निवडून देतानाच ते आपण त्यांच्या हवाली केलेले असते.

ही रीत इथे नवी नाही. मच्छीमार सोसायटीचे सभासद संचालक निवडतात, संचालक चेअरमन ठरवतात. जिल्हा परिषदेचा अध्यक्षही सदस्यच निवडतात. राज्यघटनेच्या कलम ५४ नुसार राष्ट्रपतींना निवडतात ते संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. नामनियुक्तांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना मत नसते.

आमदाराच्या मताचे मूल्य लोकसंख्येवरून ठरते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ जागांनी आणि मग हजाराने भागले की १७५ येतात. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई या सहा मतदारसंघांच्या आमदारांची मिळून १,०५० मते होतात. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. म्हणजे पालघरचा एक खासदार धरून देशभरातल्या १०,८६,४३१ मतांपैकी पालघर जिल्ह्याच्या वाट्याला १,७५० मते आली.

लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७१ चा आकडा ४२ व्या घटनादुरुस्तीने गोठवला. ८४ व्या दुरुस्तीने या गोठवणुकीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्यामुळे तारापूर एमआयडीसीच्या आधाराने नंतर वाढलेले बोईसर या हिशेबात अजून आलेले नाही.

मतपत्रिका खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी मिळते. उमेदवारापुढे पसंतीचा क्रम आकड्यातच लिहायचा. मराठी '१' चालतो, अक्षरी 'एक' लिहिले तर मत बाद. निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर तळाचे उमेदवार बाद होत जातात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते.

१९६९ मध्ये हेच घडले. विजयासाठी ४,१८,१६९ मते हवी होती. पहिल्या फेरीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मते पडली. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे हेच देशमुख. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मुख्यतः रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी होते. इंदिरा गांधींनी मात्र सदसद्विवेकाने मत देण्याचे आवाहन केले होते.

ते आवाहन लागू पडले, कारण हे मतदान गुप्त असते आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. ही मोकळीक मोलाची आहे. पण तिच्यामुळेच आपल्या आमदाराने कोणाला पसंती दिली, हे मतदाराला कधीच तपासता येत नाही. हिशेब नंतर मागता येणार नसेल, तर तो आधीच मागायला हवा. विधानसभेचा उमेदवार दारात आला की बंधारा, पाणी, रस्ता यांबद्दल आपण विचारतोच. राष्ट्रपती निवडताना तुम्ही काय पाहाल, हेही त्याला विचारले पाहिजे. त्याच्या हाती जाणारी १७५ मते आपल्याच माणसांच्या मोजणीतून आलेली आहेत.