दोरीच्या टोकाला

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. त्याच्या तटावर एक थोरली घंटा टांगली आहे. तिच्यावर रोमन अक्षरं आहेत आणि १७२१ हे साल. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. त्यांतलीच ही एक. भीमाशंकराला तशी घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे. मेणवलीची पाहिली तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून होता. घंटा इकडे आल्या, पण ज्यांना बोलावण्यासाठी त्या वाजत होत्या, त्या माणसांचं पुढे काय झालं?

नाताळच्या अंकासाठी लेख हवा म्हणून संपादकांचा फोन आला आणि भंडाऱ्याकडच्या साकोलीहून निघायला निमित्त मिळालं. आमच्या भागात ख्रिस्ती म्हटलं की दवाखान्यातली केरळची सिस्टर किंवा मिशनची शाळा, एवढंच डोळ्यांपुढे येतं. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, म्हणजे तसा अलीकडचा. वाचणाऱ्या माणसाला रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई ठाऊक असतात, पण ते प्रोटेस्टंट. कॅथलिक आणि तोही मराठी शेतकरी, असं सांगितलं तर साकोलीत आजही लोक दोनदा विचारतात. भंडारा रोडला विदर्भ एक्सप्रेस पकडली, सकाळी दादरला उतरलो आणि विरार लोकलनं वसई रोड गाठलं.

इतिहास थोडक्यात सांगतो. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षं तिथं फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन संन्याशांचे मठ उभे राहिले. देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली. त्यांत सक्ती होती आणि लालूचही. ही गोष्ट झाकण्यासारखी नाही, आणि वसईत मला कुणी झाकलीही नाही. याच वसईत १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. जपानात नागासाकीला १५९७ साली त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये रोमनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. किल्ल्यात आज पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या कबरींचे दगड. पर्यटक तेवढं बघून, फोटो काढून परत फिरतात.

मी पश्चिमेकडच्या एका गावात गेलो. तिथल्या चर्चच्या बुरुजात घंटेची दोरी ओढणारे काका भेटले. वय सत्तरीपुढचं. घरची वाडी, तीत राजेळी केळी आणि सोनचाफा. उमेदीच्या वर्षांत रोज पहाटे फुलांची टोपली घेऊन ते दादरच्या बाजारात जायचे. घंटेचं काम बापाकडून आलं. त्यांचं नाव पोर्तुगीज. घरात बायकोशी मात्र ते जी बोली बोलतात, ती कादोडी. इथले सामवेदी ख्रिस्तीही ती बोलतात आणि सामवेदी हिंदूही. दोन आळ्यांचे देव वेगळे, बोली एक. पाट्यांवर लोपीस, डाबरे, तुस्कानो ही नावं देवनागरीत वाचताना मला आधी नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ते वाटेनासं झालं.

काकांनी मला दोरी हातात दिली. वाटलं, ओढली की वाजेल. वाजली नाही. नुसती जड हलली आणि थांबली. देवळातली घंटा जागची हलत नाही, आपण लोळी हलवतो. इथं सगळी घंटाच झोक्यात आणावी लागते. पहिले दोन-तीन हेलकावे मुके जातात. झोका पुरेसा वाढला की लोळी कडेला भिडते, आणि मग ओढायचं कमी, सोडायचं जास्त. चुकीच्या वेळी ओढलं तर ठोका अर्धा पडतो. काकांच्या तळहातांना दोरीचे घट्टे आहेत. ते ओढताना वर बघत नाहीत, खाली फरशीकडे बघतात आणि मोजतात. तीन ठोके, थोडं थांबणं, पुन्हा तीन, थांबणं, पुन्हा तीन, मग सलग. ही आंजेलसच्या प्रार्थनेची घंटा. पहाटे, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला. कुणी वारलं की एकेक ठोका, मधे इतकं अंतर की पुढचा येतो की नाही असं वाटावं.

देवळातली घंटा ज्यानं त्यानं आपल्यासाठी वाजवायची, देवाला आपण आल्याचं सांगायला. इथं एक माणूस सगळ्या गावासाठी वाजवतो. पूर्वी बाराचे ठोके पडले की शेतातली माणसं कुदळ खाली ठेवून उभी राहत आणि ‘नमो मरिया’ म्हणत, असं काकांनी सांगितलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बुरुजाखाली मिळालं. १७३९ मध्ये पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेला तिच्या धर्मानं वागू देण्याचं कलम होतं. गोव्याचे देशी पाद्री येऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करू लागले. ज्या धर्माला राजाचा आधार, तो राजा गेल्यावर दोन पिढ्यांत विरावा, असं आपल्याला वाटतं. इथं तो टिकला, कारण तोवर तो पोर्तुगिजांचा राहिला नव्हता. चर्चमध्ये लॅटिन असे, पण घरी, शेतात आणि लग्नाच्या मांडवात मराठी. तिकडे गोव्यात इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांवर ओव्यांचं, मराठी पण रोमन लिपीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत शिकलो. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांसाठीही असंच एक पुराण १६५९ साली झालं. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, १९६२ ते ६५ च्या दरम्यान, लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी केली. वसईत मराठी मिस्सा रुजायला वेळ लागला नाही. माणसं आधीपासून मराठीतच प्रार्थना करत होती.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. पाव शतकाच्या आसपास त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे, २०२० साली, ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप घेणारे निघाले. मला त्या आक्षेपाची आजही लाज वाटते. २०२४ च्या जुलैत ते गेले. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरात जेमतेम एक ख्रिस्ती. एवढ्या लहान समाजानं भाषेला जे दिलं, त्याची नोंद आपण ठेवली नाही.

आता काळजीची गोष्ट. राजाशिवाय अडीचशे वर्षं राहिलेल्या या गावांना गेल्या चाळीस वर्षांनी जितकं हलवलं, तितकं कुणी हलवलं नव्हतं. मुंबई विरारपर्यंत आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची जमीन बांधकामाला खुली होऊ लागली, तेव्हा दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली. ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी त्यात एकत्र होते. विहिरींचं पाणी टँकरनं उपसून विकलं जायचं, उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात, आणि खाऱ्या पाण्यावर केळ उभी राहत नाही. काही हिरवळ वाचली, बरीच गेली. २००९ मध्ये महापालिका झाली, गावांनी तिलाही विरोध केला. आमच्याकडे बोड्या, म्हणजे लहान तळी, बुजवून प्लॉट पाडतात तेव्हा आम्ही कुणीच रस्त्यावर येत नाही, हे मला तिथं आठवलं.

जमिनीपेक्षा भाषा हलकेच जाते. काकांच्या घरी मी जेवलो. त्यांना कादोडी येते, मुलाला मराठी, नातीला इंग्रजी. नात शाळेतून आली, आजोबांनी काही विचारलं, तिनं इंग्रजीत उत्तर दिलं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईबापांना दोष कसा द्यावा? इंग्रजी शाळेत घातलं तर पोर पुढे जातं, हे साकोलीतही तेवढंच खरं. पण आजीची लग्नातली गाणी त्या मुलीला कळत नाहीत. तिच्या आईला निम्मी कळतात. लाल लुगडं नेसणारी म्हातारी आता आळीत दोन-चारच, असं काकू म्हणाल्या. इंग्रजी मिस्सेलाही गर्दी असते, आणि तिथं तरुण जास्त. पोर्तुगिजांच्या काळात जे झालं नाही, ते आता कुणाच्याही सक्तीशिवाय होतं आहे.

मला यात धर्माची काळजी वाटत नाही. तो राहील. भीती मराठीची आहे. ज्या बोलीनं एक परका धर्म इथला केला, ती आणखी एका पिढीत बुरुजाखालून निघून जाईल, आणि मग हे लोक बाहेरचे असल्याचं सांगणाऱ्यांना पुरावा हातात मिळेल. बोली रेकॉर्ड करून ठेवण्याचं काम विद्यापीठांनी म्हाताऱ्या बायका हयात आहेत तोवर करावं.

निघताना काकांनी सांगितलं, गुडघे चढू देत नाहीत, आणि दोरी धरायला नवीन पोरगा मिळत नाही. बुरुजात विजेची मोटर बसवायचं ठरलं आहे, पावसाळ्याआधी. वसईला जाणार असाल तर किल्ला बघून परत फिरू नका. संध्याकाळी सातच्या आधी पश्चिमेकडच्या एखाद्या गावात जाऊन उभे राहा. काही बुरुजांत अजून माणूसच दोरी ओढतो.