ई-लिलावातील मुदतवाढ

थकीत कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेल्या मालमत्तांच्या ई-लिलावाच्या जाहिराती आपण दैनिकांत पाहिल्या असतील. राखीव किंमत, बयाणा रक्कम, 'जसे आहे, जेथे आहे' या शब्दांबरोबर लिलावाच्या वेळेपुढे पुष्कळदा असे लिहिलेले असते : 'प्रत्येकी 5 मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह'. क्लिष्ट भाषांतर म्हणून हे शब्द सोडून देण्याचा मोह होतो. वस्तुतः बोलीदाराच्या खिशाशी त्यांचा फार निकटचा संबंध आहे.

प्रत्यक्ष लिलावात 'एक वार, दोन वार, तीन वार' असा पुकारा होतो. दोन वारानंतर कोणी बोली वाढवली, तर पुकारा पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणजे तेथे लिलाव घड्याळाने संपत नाही. बोली थांबल्याने संपतो. संगणकावर पुकारणारा कोणी नसल्यामुळे शेवट कशाला मानावा, हे आधीच ठरवावे लागते.

'ईबे' या संकेतस्थळाने लिलावाची वेळ निश्चित ठेवली. साहजिकच अनुभवी ग्राहक अखेरच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहू लागला, कारण मग प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यास अवधीच उरत नाही. 'ॲमेझॉन'ने पूर्वी चालवलेल्या लिलावांत मात्र शेवटच्या 10 मिनिटांत बोली आली की वेळ वाढे, आणि सलग 10 मिनिटे शांततेत गेल्यावरच लिलाव संपे. अल्विन रॉथ व अक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोहोंची तुलना केली. अखेरच्या क्षणी बोली लावण्याची प्रवृत्ती 'ईबे'वर कितीतरी अधिक आढळली. दबा धरून बसण्याचा लाभच मुदतवाढीने काढून घेतला होता.

आता बँकेच्या जाहिरातीकडे वळू. समजा, लिलाव दुपारी 1 वाजता संपणार आहे आणि 12 वाजून 57 मिनिटांनी नवी बोली आली. मुदतवाढ मूळ वेळेत मिळवायची असेल, तर लिलाव 1 वाजून 5 मिनिटांपर्यंत चालेल. बोलीच्या क्षणापासून मोजायची असेल, तर 1 वाजून 2 मिनिटांपर्यंतच. दोन्ही पद्धती रूढ आहेत, म्हणून अटींचा मसुदा वाचल्यावाचून बोलीस बसू नये. 'अमर्याद' याचा अर्थ एवढाच की अशा वाढींच्या संख्येवर बंधन नाही.

ही व्यवस्था कर्जदाराच्याही हिताची आहे. किंमत वाढली की कर्ज अधिक फिटते आणि देणी भागवून उरलेली रक्कम त्याच्याकडे जाते. बोलीदाराला मात्र ती हळूहळू ओढत नेते. 'आणखी दहाच हजार' असे म्हणत माणूस ठरवलेल्या आकड्याच्या लाखभर पुढे केव्हा जातो, हे त्याचे त्यालाही उमगत नाही. (पाच मिनिटे हा विचाराला अपुरा आणि ईर्ष्येला भरपूर वेळ आहे.) विक्रीच्या नियमांनुसार बयाण्यासह 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते, उरलेली सामान्यतः विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. ती न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होऊ शकते. तेव्हा आपली कमाल बोली आदल्या दिवशीच, घरच्यांच्या समक्ष, कागदावर लिहून ठेवावी.

स्वाध्याय : एखाद्या दैनिकातील ई-लिलावाची जाहिरात मिळवा. तीतील मुदतवाढीची अट सामान्य वाचकाला एका वाचनात समजेल अशा मराठीत, दोन वाक्यांत लिहा.