तळ्याच्या तळचे दप्तर

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद इतिहासाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. बखर मागाहून लिहिली जाते. अस्सल कागद त्या त्या दिवशी, त्या त्या कामापुरता लिहिलेला असतो, आणि म्हणूनच तो अधिक विश्वसनीय ठरतो. पृथ्वीच्या हवामानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनाही असेच कागद हवे असतात. उष्णतामापकाच्या नोंदी फार तर साडेतीन शतकांच्या. ध्रुवप्रदेशात तर त्याहूनही पुष्कळ अलीकडच्या. त्यापूर्वीचे कागद कोठे शोधावयाचे? त्यांचे एक मोठे दप्तर तळ्यांच्या तळाशी साठलेल्या गाळात आहे.

रशियाच्या ईशान्य टोकास, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, एल्गिगितगिन नावाचे तळे आहे. सुमारे 36 लक्ष वर्षांपूर्वी तेथे अशनी कोसळून 18 किलोमीटर व्यासाचे विवर पडले व त्यात पाणी साचले. आपले लोणारचे सरोवरही अशाच आघातातून जन्मले आहे. हिमयुगांत उत्तरेकडील असंख्य तळी हिमनद्यांनी खरवडून काढली. या तळ्यावरून मात्र हिमाचे विस्तीर्ण थर कधी सरकले नाहीत. त्यामुळे येथील गाळ थरावर थर असा अखंड साचत राहिला. 2009 साली रशिया, जर्मनी, अमेरिका व ऑस्ट्रिया या देशांच्या शास्त्रज्ञांनी गोठलेल्या तळ्यावरच यंत्र उभे केले आणि 170 मीटर पाण्याखालचा 318 मीटर जाडीचा गाळ वेधला.

या दप्तराची लिपी कोणती? पहिले अक्षर परागकण. त्यांचे कवच सहसा कुजत नाही. त्यावरून काठावर वृक्ष होते की केवळ गवत, हे कळते. दुसरे अक्षर डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींची सिकतामय कवचे. उबदार काळात ती विपुल, थंडीत विरळ. तिसरे अक्षर लोहकण. तळे वर्षानुवर्षे बर्फाखाली राहिले की तळाशी प्राणवायू पोहोचत नाही, चुंबकीय लोहकण विरघळतात व गाळाचे चुंबकत्व मंदावते. तिन्ही साक्षी जुळल्या, तरच निष्कर्ष काढावयाचा.

परंतु या कागदांवर मिती नाही. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. सुमारे 26 लक्ष आणि पुन्हा सुमारे 7 लक्ष 80 हजार वर्षांपूर्वी ते उलटले. त्याची खूण गाळातील कणांच्या दिशेत उमटली आहे. तीवरून थरांचा काळ बसविता येतो.

2013 साली प्रसिद्ध झालेला या वाचनाचा निष्कर्ष मनन करण्याजोगा आहे. जेथे आज उंच वृक्ष उगवत नाही, तेथे 36 ते 34 लक्ष वर्षांपूर्वी सूचिपर्णी वृक्षांचे वन होते, आणि उन्हाळा आजच्याहून सुमारे 8 अंश सेल्सियसने उष्ण होता. त्या काळी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे प्रमाण सुमारे 400 असावे, असा अंदाज आहे. उद्योगयुगापूर्वी हे प्रमाण 280 होते. आज ते 420 च्याही वर गेले आहे.

मग आज तेथे वन का नाही? कारण कर्बवायूची ही वाढ अवघ्या दोन-अडीच शतकांतील आहे. समुद्र, हिम आणि वनस्पती यांची चाल संथ. त्यांना त्या वाढीशी जुळते होण्यास शतके, कित्येकदा सहस्रके लागतात. कारण घडून गेले आहे, परिणाम वाटेवर आहे.

इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडतो, असे कोणी म्हणणार नाही. तथापि अस्सल कागद हाती आल्यावर तो गैरसोयीचा आहे म्हणून बाजूस सारणे, हे इतिहासकाराचे लक्षण नव्हे. ध्रुवप्रदेश किती तापू शकतो, याविषयीचा हा कागद आता आपल्या हाती आला आहे.