लडाखांतील पाण्याची पाळी

वाळवंट म्हटलें कीं तापलेली वाळू आणि उंटांचे तांडे डोळ्यांपुढें उभे राहतात. लडाखचें वाळवंट मात्र थंड आहे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० मीटर उंचीवर असून तेथें वर्षाकाठीं जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. कारण मोसमी ढग बहुतेक हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. उघड्या, पिंगट डोंगरांच्या पायथ्याशीं हिरवा पट्टा दिसला कीं समजावें, तेथें ओढा आहे व ओढ्याकांठीं गांव आहे.

अशा गांवीं जमिनीस तोटा नाहीं. तोटा आहे तो पाण्याचा. डोंगरावरील बर्फ वितळून आलेलें पाणी पाटांनीं शेतांत न्यावयाचें, त्यावर जव पिकवावयाचे, छपराच्या लांकडासाठीं वाळुंजाचीं झाडें वाढवावयाचीं, असा तेथील संसार. पाण्याची पाळी ठरविण्यासाठीं गांवकरी आपल्यांतीलच एकास नेमतात. त्यास ‘चुरपोन’ म्हणतात. कोणाच्या शेतास केव्हां पाणी मिळावें हें तो ठरवितो.

परंतु पाणी गांवांत केव्हां पोंचावें हें चुरपोनाच्या हातीं नसतें. जवाची पेरणी वसंतांत व्हावयास हवी. उंचावरील हिमनद्यांचें पाणी मात्र जूनच्या सुमारास येऊं लागतें. पेरणी लांबली तर दाणा भरण्यापूर्वींच थंडी गांठते आणि वर्षाचें एकमेव पीक हातचें जातें.

चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यांनीं यावर तोडगा काढला. हिवाळ्यांत ओढ्याचें पाणी वायां जातें. तें गांवाच्या वरच्या अंगास, सावलीच्या उतारावर वळवून दगडी बांधांनीं संथ केलें कीं थराथरानें गोठतें. हा बर्फ मूळ हिमनदीहून खालीं असल्यामुळें आधीं वितळतो व पेरणीस उपयोगीं पडतो. असा पहिला प्रयोग १९८७ सालीं फुकत्से गांवीं झाला. २०१५ सालीं नोर्फेल यांस पद्मश्री मिळाली. पुढें सोनम वांगचुक यांनीं नळाचें पाणी कारंजाप्रमाणें उडवून बर्फाचे स्तूप उभारले. शंकूच्या आकारामुळें त्यांस ऊन कमी लागतें व ते अधिक काळ टिकतात.

तथापि हे उपाय पाणी सांठवितात, निर्माण करीत नाहींत. झंस्कार खोऱ्यांतील कुमिक गांवचा ओढा आटत गेला, तेव्हां गांवकऱ्यांना खालच्या माळावर नवीं घरें बांधावीं लागलीं. वाटणी कितीही चोख असली, तरी वाटावयास पाणी हवें.