दस्त झाला, मालकी झाली काय?

होळकरांच्या इंदुरात आज जमीन घेणारा सामान्य गृहस्थ समजतो की, दस्त नोंदला, खसऱ्यात नाव चढले, की मालकी पक्की झाली. ही समजूत घातक आहे. 1908 चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो; विकणाऱ्याच्या हक्काची हमी देत नाही. नामांतरणाने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात पुन्हा बजावले. भूसंपादनाचा फास त्याहून घट्ट. शासनाने ताबा घेतला असेल अथवा मोबदला दिला असेल, तर 2013 च्या कायद्याने जुने संपादन रद्द होत नाही, असा निर्णय इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 2020 साली पाच न्यायमूर्तींनी दिला. अशी जमीन अजाणता घेणाऱ्याची आयुष्याची पुंजी बुडू शकते.

म्हणून इसार देण्यापूर्वी तीस वर्षांचे दस्त, बोजा, सर्व वारसांची संमती आणि संपादनाची अधिसूचना वकिलाकरवी तपासून घ्यावी. गोमंतकीयांनीही केवळ एक-चौदाच्या उताऱ्यावर विसंबू नये. मुद्रांक शुल्क हक्काने घेणारे सरकार मालकीची हमी मात्र घेत नाही. ती जबाबदारी त्याने कधी घ्यावयाची, हा खरा प्रश्न आहे.